टाकीतला बुडबुडा

मोर्शीहून संत्रं भरून येताना आमचा टेम्पो तापला. पोराच्या बाबानं घाईघाईत रेडिएटरचं झाकन उघडलं अन् हात भाजून घेतला. वलगावच्या मेकॅनिकनं इंजिनाचं हेड खोलून देल्लं, अन् ते घिऊन अमरावतीले मलेच जा लागलं. पोरगं कडेवर, हेड ऑटोत पायाशी. यायनं, पोराच्या बाबानं, मले येवढंच सांगून धाडलं का तडा नसन त जुनंच घासून आन, बजारातल्या नव्याचा भरोसा नाई.

वर्कशॉपात सारे मानसंच, बाई एकबी नाई. मिस्त्री म्हातारा. म्हने, "बस पोरी. हेड गरम पान्याच्या टाकीत सोडतो, आतून हवा भरतो. बुडबुडा आला त तडा हाय. नाई आला त घासून देतो."

"किती टाइम लागन बाबा?"

"पानी त तापू दे!"

पानी तापेपर्यंत पोरगं रडाले लागलं. ते रडलं का मले पान्हा फुटते. पाहते त पोलकं समोरून ओलं. पदर ओढला, पदरबी ओला. पाजाले बसाव त कुठं आडोसा नाई. एक जन हासला, "वहिनी, भूक लागली वाटते गड्याले." त्यानं साधंच म्हनलं असन, पन मले वाटलं जमिनीत जावं.

समोरच्या दुकानात जुनं हेड जमा घिऊन नवं देतात. मी तिकडं पयाली. दुकानदाराले म्हनलं, जुनं त्या टाकीत हाय, घिऊन घ्या, अन् नवं ऑटोत टाकलं. मांगून मिस्त्री वरडला, "ओ पोरी! बुडबुडा नाई न आला!"

मी ऐकलं. ऑटोवाल्याले म्हनलं, चाला भाऊ, चाला लवकर.

घरी सांगतलं, तडा होता.

नवं बसवलं, थोडे रोज टेम्पो बरा चालला, मंग हेडाखालून पानी झिरपाले लागलं. यायचा हात तवर बरा झाला होता. म्हने, "चाल, दाखव मले कुठं गेलती तू." पोरगं कडेवर घिऊन मी संग गेली.

मिस्त्री आमचंच हेड मशीनवर घासून राहिला होता. यायनं दुरूनच वळखलं. "अरे, हे त आमचं!"

"होतं तुमचं. दुकानदारानं अंजनगावच्या गिऱ्हाइकाले इकलं. एकदम चांगलं हाय. बाईले आवाज देल्ला न मी." मिस्त्रीनं मशीन बंद केली.

यायनं माह्याकडं पाहलं. "तडा होता म्हने तू?"

मंग निंगालंच माह्या तोंडातून, एका दमात, का पोरगं रडे, पान्हा फुटला, पोलकं ओलं झालं, सारे पाहे, कुठं बसू मी, कोनाले सांगू. मशीन बंद होती म्हून साऱ्याइले ऐकू गेलं. कोनी हासलं नाई, ते त आखीन वाईट.

मिस्त्री खाली पाहून म्हने, "मले सांगाचं न पोरी. मांगंच माहं घर हाय. माही बाई हाय घरात."

"हे आता वापस नाई भेटत का?" यायनं इचारलं.

"दुसऱ्याचं झालं भाऊ. ते नवं खोलून आना, त्याचा तळ सपाट नसन, तेच घासून देतो."

यायनं "आनतो" म्हनलं. तेवढ्यात पोरगं किरकिरलं. हे मले म्हने, "जाय, मिस्त्रीच्या घरी पाजून ये."

साऱ्यायसमोर म्हनलं. मानसं बाजूले सरकले, अन् मी मान खाली घालून त्याइच्या मधातून गेली.