आण्णाचा मोगली एरंड

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत भाजीवाल्यासमोर उभा राहून वांगी निवडत होतो. फोन गावकारांचा होता. आमच्या वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे, त्यामुळे एरवी आवाज खणखणीत. त्या सकाळी तो मला ओळखूच आला नाही. "वसंता, निघ लगेच. तुजा आण्णा गेला रे... कातळावर बसलेला होता, एरंडात." याला सव्वा महिना झाला. थोरल्या भावाबद्दल चार शब्द लिहायला बसलो की आधी तो एरंडच आठवतो, आणि तो आण्णाच्या गळ्यात मीच बांधला होता.

मोगली एरंड आमच्याकडे कुणी मुद्दाम लावत नसे. पावसाच्या तोंडावर फांदी तोडायची, कुंपणात खुपसायची, झालं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. लहानपणी आम्ही त्याच्या चिकाचे फुगे उडवायचो. एकदा मी त्याच्या बिया खाल्ल्या नि दिवसभर ओकत होतो, तेव्हा आण्णा परसात माझं डोकं धरून बसला होता. याच बियांपासून डिझेल निघतं आणि हे झाड नापीक कातळावरही येतं, असं सांगणारं एक रंगीत पत्रक सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात कुणीतरी वाटलं. आण्णा तेव्हा छापखान्यातून नुकताच निवृत्त झालेला. मी गंमत म्हणून त्याला ते दिलं, त्याने ते चार वेळा वाचलं. वहिनी नालासोपाऱ्यात लेकीकडे राहील, आपण तीन वर्षांत झाडं उभी करून परत येऊ, असा बेत करून स्वारी गावी गेली.

खेडपासून तासाभरावरचं आमचं गाव. कुंपणाचं झाड शेतात घ्यायचं म्हटल्यावर लोक हसले. मग शिमग्यात पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसलेली असताना आण्णा पुढे झाला आणि त्याने गावकारांना गाऱ्हाणं घालायला लावलं. "बा देवा म्हाराजा, या झाडांच्या तेलावर वाडीचा पंप चालंल, आनि तो चालंस्तवर ह्यो तुजा सखाराम गावाची वेस ओलांडनार नाय, म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" सखाराम म्हणजे आण्णा; वेशीचं त्यानेच गावकारांना घालायला सांगितलं, तसं बोल म्हणून त्याला कुणीही म्हटलं नव्हतं. भरात बोलून गेला. पण त्या शब्दावर लोकांनी पहारीने कातळ फोडला, खड्ड्यांत डोक्यावरून माती आणून टाकली, आणि वाडीच्या वरचा सगळा माळ एरंडाने भरला.

झाडं जगली, वाढली, फळं मात्र मूठमूठ धरली. तीही एकदम पिकेनात. बी घेऊन जाणारी माणसं एकदा आली, नंतर फिरकली नाहीत. पाच-सहा वर्षांत एकेकाने एरंड उपटून काजू लावले. "कुंपनानंच शेत खाल्लान की रे आण्णा," म्हणून चेष्टा करायचे, पण रागावलं कुणी नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडून तरी तो निघून आला असता. आण्णाने आपले एरंड तेवढे ठेवले.

नात झाली, तिचं बारसं झालं, वहिनीचं ऑपरेशन झालं, आण्णा आला नाही. वहिनी दर मे महिन्यात गावी जायची आणि परतताना तो तिची बॅग ओढ्यावरच्या साकवापर्यंत आणायचा. साकव ही आमची वेस. एसटीचा थांबा पलीकडे. बॅग तिच्या हातात देऊन हा अलीकडेच उभा. एकदा मी चिडून म्हणालो, "देव काय साकवावर पहारा देतो?"

"देव नाय देत," आण्णा म्हणाला. "मी देतो."

शेवटी गावकारांनीच वाट काढली. शब्द सोडवून घेता येतो. फक्त घरातल्या सगळ्या भावांनी शिमग्यात सहाणेवर एकत्र उभं राहायचं. भाऊ म्हणजे आम्ही दोघेच. मी लगेच "येतो" म्हणालो. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी ताप आला. तिसऱ्या वर्षी... तिसऱ्या वर्षी खरं तर काहीच नव्हतं, गर्दीतून जायचा कंटाळा केला. आण्णा फोनवर म्हणाला, "असूंदे. फुडच्या शिमग्याला."

बारावं झाल्यावर मी गावकारांना विचारलं, "आता घालू या का गाऱ्हाणं?" त्यांनी कातळाकडे बोट केलं. "आता कुनाला सोडवनार, वसंता?"

आत आण्णाच्या खोलीत वहिनी खुंटीवरची पिशवी उतरवत होती. दोन इस्त्रीचे शर्ट, नातीसाठी घेतलेला आणि आता तिला आखूड होईल असा फ्रॉक, आणि खेडहून कुणाकडून तरी मागवलेल्या नव्या चपला. गावकार उंबऱ्यातूनच म्हणाले, "तू आलास की सुटून थेट साकवापार जायचं म्हनून तीन शिमगे ही पिशवी घेवन सहानंवर येवन बसायचा. पालखी उठली, की घरी." मी चपला उलट्या करून पाहिल्या. तळाला मातीचा कणही नव्हता.

"भाऊजी, तुमच्याही मापाच्या दिसतात," वहिनी म्हणाली. "घालून बघा."

मला पाय पुढे करवला नाही.