उज्वलाची लाईट

देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात फरशी पॉलिश करणारी बाई एकच, आणि तिच्याशी भाव करायचा तर भली भली माणसं सोबतीला दुसरा गडी घेऊन येतात. उज्वला तिचं नाव. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा खणखणीत की मशीन घरघरत असतानाही पलीकडच्या खोलीतल्या माणसाला तिचं बोलणं चुकवता येऊ नये. पायात गमबूट, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. फरशीवर पाणी सोडायचं, मशीनचे दगड फिरवायचे, करडी राड ओढून बाजूला काढायची आणि खालच्या फरशीत तोंड दिसतं का ते वाकून बघायचं. नाही दिसलं तर घरमालकाच्या आधी तीच चिडते.

मशीन मुळात तिच्या नवऱ्याचं, अमरनाथचं. नव्या बांधकामावर मीटर नसतो, म्हणून खांबावरच्या तारेवर बांबूनं आकडा टाकायचा आणि फुकटच्या लाईटवर काम उरकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. एका ठेकेदारानं अमरनाथला सांगितलं, लाईट गेलेली आहे, चढ आणि टाकून घे. तो चढला आणि लाईट मधेच आली. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. नुसता खांद्याला लटकून राहिला. ठेकेदार एकदा दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पॉलिशवाला घेऊन कामाला लागला. त्या सफरचंदांचा राग कुणालाही यावा. उज्वलानं तर ती पिशवी तशीच्या तशी वॉर्डाच्या खिडकीतून खाली टाकली होती.

घरी आल्यावर तिनं दोन गोष्टी जाहीर केल्या. मशीन विकायचं नाही, आणि आकडा टाकायचा नाही. लोक म्हणाले, मग काय नखानं घासणार का फरशी? दीर म्हणाला, वहिनी, मी गिऱ्हाईक बघून ठेवतो. त्यानं खरोखर बघूनही ठेवलं. उज्वला मशीन चालवायला शिकली आणि जिथं मीटर असेल तिथलंच काम घेऊ लागली. अशी कामं थोडी. नव्या घराला मीटर आधी आणि फरशी नंतर, असं डोकं चालणारा मालक आपल्याकडे विरळाच. मशीन महिना महिना गोणपाटाखाली पडून राहायचं आणि दीर येता-जाता त्या गोणपाटाकडे बघायचा.

अशात बिलोलीच्या अलीकडच्या एका गावात महादेवाच्या नव्या सभामंडपाचं काम आलं. एवढी फरशी की तिच्यावर पुढचं सगळं वर्ष निघावं. हे काम हातचं गेलं तर मशीन दिराच्या गिऱ्हाइकाला द्यावं लागणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मंदिर कमिटीचे प्रमुख माधवराव. कडक इस्त्रीचे कपडे, कपाळाला भस्म, आणि दर वाक्यात एकदा तरी देवाचं नाव.

"बाई, यात्रा तोंडावर आली," माधवराव म्हणाले. "खांब दारातच हाय. तार टाका न् करा सुरू."

"मीटर घ्या की."

"देवाच्या कामाला कसला आलाय मीटर? कोण विचारून राहिलंय?"

"मी विचारून राहिले. देवाच्या नावानं चोरीची लाईट, न् खांबावर चढायला आमच्या घरचा माणूस?"

माधवरावांना असं तोंडावर बोलून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी खिशातून फोन काढला. "न्हाई जमत तर निजामाबादची पार्टी तयारच हाय. त्यांचं काही म्हणणं नसतं."

"कुणाला फोन लावू नका. मी माझी लाईट घेऊन येते," उज्वला म्हणाली आणि तरातरा चालू लागली. रस्त्याला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याकडे लाईट नाही. पण आता शब्द गेला होता, आणि गेलेला शब्द परत आणायला ती जाणार नव्हती.

देगलूरच्या दुकानात जनरेटर होता तो पानटपरीवर एक बल्ब लावायच्या लायकीचा. म्हणून ती अमरनाथला घेऊन लातूरला गेली, आणि जाताना टेम्पोत पॉलिशचं मशीन टाकून घेतलं. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, जनरेटर आणायचाय तर मशीन कशाला हिंडवता? उज्वलानं मशीनची दोरी आणखी आवळली. तिचे वडील हणमंतराव देगलूरच्या बाजारात बैल घ्यायला जात, तेव्हा विकणारा दात दाखवी, वशिंड थोपटी, शिंगांच्या रंगाचं कौतुक करी. हणमंतराव सगळं ऐकून घेत आणि एवढंच म्हणत, जुंपून दाखवा. मग दगडांनी भरलेली गाडी, तिची चाकं दोरखंडानं आवळून बांधलेली, आणि बैलानं ती जागची हलवायची. खाली बसला तर तो बैल परत. पोरीनं हे लहानपणापासून बघितलेलं. खरेदी म्हणजे हीच, बाकी सगळी तोंडाची वाफ, असं तिचं पक्कं मत.

लातूरच्या दुकानाचे मालक हरिओमशेठ गोड माणूस. त्यांनी अमरनाथला खुर्ची दिली, अमरनाथला चहा दिला, आणि बॅगेसारखा उचलता येणारा एक लाल जनरेटर अमरनाथच्याच पुढ्यात ठेवला. "पेट्रोलवर चालतो साहेब, आवाज नाही काही नाही. घरात टीव्ही, पंखा, फ्रीज, सगळं आरामात." दोरी ओढली, शेजारच्या फळीवरचे बल्ब झगमगले. हरिओमशेठ अमरनाथकडे बघून हसले.

"बल्ब कशाला लावून राहिलात?" उज्वला म्हणाली. "मला बल्ब न्हाई लावायचे. माझं मशीन जुंपून दाखवा."

"मॅडम, जनरेटर आहे हा. बैल नव्हे."

"बैल असता तर तुमच्याकडं आलेच नसते."

मशीन खाली उतरलं. दुकानासमोरच्या खडबडीत फरशीवर तिनं ते पुरतं टेकवलं, वरचं वजनही चढवलं. वडिलांची गाडी भरलेली असायची, मग हे का रिकामं ठेवायचं? बटण दाबलं. मोटार नुसती हुंकारली आणि लाल जनरेटर धापकन बंद पडला. "हे तर खाली बसलं," ती म्हणाली. तिला मनातून बरंच वाटलं.

हरिओमशेठनी मधला काढला, खाली दोन चाकं आणि ओढायला मूठ असलेला. दोरी ओढायला त्यांचा माणूस पुढं झाला, तर उज्वलानं त्याला बाजूला सारलं. "रोज तुम्ही येणार का ओढायला?" पहिल्या झटक्याला काही झालं नाही, मग चोक ओढायचा असतो हे कळलं, मग तो भडभडून सुरू झाला. पण बटण दाबल्याबरोबर तोही गुदमरून गप्प झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा गप्प. एव्हाना क्लासची पोरं पाठीला बॅगा लावून घोळक्यानं उभी राहिली होती, आणि त्यातलं कुणीतरी खी खी हसलं.

"मग मॅडम, आता तो मोठाच बघा," हरिओमशेठनी कोपऱ्यातल्या जनरेटरकडे बोट केलं. तो टेम्पोतून उतरवायचा म्हणजे चार धडधाकट गडी हवेत. रोज चार गडी कुठून आणायचे? उज्वला फुटपाथवर तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते आलं म्हणून आणखी संताप आला. तिला दिराचं तोंड दिसू लागलं, माधवरावांचा फोन दिसू लागला. ह्या सगळ्यांना आपल्याला हरलेलं बघायचंय, असं तिला वाटलं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

इतका वेळ चहाचा रिकामा कप धरून बसलेला अमरनाथ उठला. "दगड उचलून चालू कर," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"दांडा खाली दाबला की मशीनचं तोंड वर होतंय. आधी मोकळं फिरू दे. मग हळूच टेकव. मी तसंच करायचो."

"मग मला कामून न्हाई सांगितलं इतके दिवस?"

"मीटरच्या लाईटवर चालून जात होतं. न् तू कुणाचं ऐकत असतीस तर सांगितलं असतं."

"मोकळं फिरवून काय कळणार? आमचे वडील तर चाकं बांधून ओढायला लावायचे."

"त्यो बैल होता, उज्वला. बैल दम धरून जोर लावतोय. मोटारीला धीर न्हाई, सुरू व्हतानाच सगळ्यात जास्ती लाईट खाती. तेवढ्यापुरतं वजन काढ."

हरिओमशेठ म्हणाले, साहेबांचं बरोबर आहे. उज्वलानं त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण चूक तिची होती आणि ती तिला कळली होती. तिनं वजन उतरवलं आणि दांड्यावर भार टाकला, पण तिच्या किडकिडीत अंगाला मशीन जुमानेना. एका हातानं बटण दाबायचं तर दांडा सुटायचा. अमरनाथ आला, डावा हात आणि छाती दांड्यावर टाकून वाकला. मशीनचं तोंड उचललं. तिनं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज क्षणभर खाली गेला आणि सावरला. दगड फिरू लागले. मग तिनं नवऱ्याला खूण केली, त्यानं हळूहळू भार सोडला, आणि दगड फरशीवर टेकले तरी जनरेटर चालतच राहिला.

कामावर तो तिचे डबे उचलायचा, पाणी सोडायचा, आणि लोक हाताचं विचारतील म्हणून मान खाली घालून राहायचा. त्या दिवशी लातूरच्या फुटपाथवर त्यानं मान वर केली, आणि उज्वलाला इतका आनंद झाला की तो लपवायला तिनं हरिओमशेठवरच आवाज चढवला.

तरी तिनं लगेच घेतला नाहीच. चहा पुन्हा मागवून तो पिऊन होईपर्यंत मशीन फिरवत ठेवलं. दुकानासमोरची एक फरशी आरशासारखी झाली आणि हरिओमशेठना ती फुकटात मिळाली. ते आता तिच्याशीच बोलू लागले. "मॅडम, एक लक्षात ठेवा. हा उघड्यावरच चालवायचा. बंद खोलीत, मंडपाच्या आत, कधीच नाही. ह्याच्या धुरानं माणूस झोपेतल्या झोपेत जातो. आणि गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही."

"हे बल्बच्या आधी सांगायचं असतंय," उज्वला म्हणाली. पण ऐकलं नीट.

सभामंडपाबाहेर मोकळ्यावर जनरेटर उभा राहिला, धूर वाऱ्यावर जाईल असा. जाड वायर आत आली. अमरनाथ दांडा दाबी, ती बटण दाबी. माधवरावांनी आवाजाची तक्रार केली, वासाची केली, शेवटी तक्रारी संपल्या. फरशी मात्र उजळत चालली होती. दरम्यान कमिटीनं आपल्या भोंग्यासाठी आणि माळांसाठी खांबावर कुणाकडून तरी आकडा टाकून घेतलाच. उज्वलानं बघितलं. काम तेवढं जोरात केलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली. भोंगा मुका झाला. पाहुणे यायला लागलेले. माधवराव चार पोरं घेऊन तिच्याकडे आले.

"बाई, तुमच्या जनरेटरवरनं भोंग्याला एक वायर द्या. देवाचं काम हाय."

"देते की. आधी ती खांबावरची तार काढा."

"काढू यात्रा झाल्यावर."

"आत्ता काढा. लाईट गेलेलीच हाय. चढा न् काढून टाका."

माधवरावांनी पोरांकडे बघितलं. पोरांनी खांबाकडे. एकजण चप्पल काढल्यासारखं करून थांबला. "आन् मधेच आली तर?" तो म्हणाला.

अमरनाथ दांड्याशी उभा होता. उज्वलानं माधवरावांवरची नजर हलवली नाही.

"हाच सवाल आमच्या माणसाला चढवताना एकानं बी इचारला न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या पोराला सुचला, बरं झालं. कुणीच चढू नका. वायरमनला बोलवा. तोवर तुमचा देव माझ्या मशीनचा आवाज ऐकंल."

माधवरावांनी फोन काढला. ह्या वेळी त्यांनी निजामाबादचं नाव घेतलं नाही. वायरमन आला, त्यानं डीपीवरून लाईन बंद करून घेतली, आणि तार खाली पडून तिची गुंडाळी झाल्यावरच उज्वलानं भोंग्याची पिन आपल्या जनरेटरात खोचली.