चाड्यावरची मूठ

माझ्या थोरल्या वहिनींच्या हाताला यश आहे, असं एके काळी आमच्या गावात सगळेच म्हणत. चाकणच्या अलीकडची आमची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, दीड एकर उरली. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, पण गव्हाच्या पहिल्या दोन ओळी आमच्याकडे अजून शेजाऱ्याचे बैल मागून पाभरीनंच पेरतात. पाभरीवर चाडं असतं, म्हणजे एक लाकडी वाडगंच. त्यात मुठीनं बी सोडत चालायचं. ती पहिली मूठ वहिनींची. भाऊ आजारपणात गेला त्या वर्षीही मी हट्टानं त्यांनाच मूठ धरायला लावली. विधवेनं कसं, असं भावकीत कुणी कुजबुजलं तेव्हा चारचौघांत भांडलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

मी चाकणच्या एका वाहनांच्या कारखान्यात, पेंट शॉपला सुपरवायझर आहे. नोकरी लागल्यावर चार वर्षं गावीच राहत होतो आणि माझी वर्दी वहिनी धुवायच्या. थिनरचा वास दोन पाण्यांतही जात नाही म्हणून कुरकुरायच्या, ती वेगळ्या बादलीत भिजवायच्या. लग्नानंतर सांगवीत फ्लॅट घेतला आणि मी रविवारचा शेतकरी झालो. डिझेलची गाडी थेट बांधापर्यंत न्यायची, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि सूचना करायच्या.

मग गहू बिघडायला लागला. ओंब्या दिसायला बऱ्या, पण दाणा भरेना. पानं वेळेआधीच पिवळी पडत. बांधावरच्या घेवड्याच्या पानांवर तांबूस ठिपके आले. वहिनींनी एक पान तोडून माझ्यासमोर उलटं धरलं.

"भावजी, ह्यो करपा न्हाई. वरनं ठिपकं, खालनं बगा कसं साफ हाय. कीड न्हाई, बुरशी न्हाई. आभाळ असलं की बरं असतंय. कडक ऊन आन् वारं पडलेलं, की दोन दिसांत ह्ये असं."

"उन्हानं कधी गहू आजारी पडतो का वहिनी?" मी हसलो. "फवारणी चुकली तुमची. कबूल करा."

"चुकली न्हाई," त्या म्हणाल्या आणि पान पदरात ठेवून निघून गेल्या.

भावकीला मात्र कारण सापडलं होतं. थोरले चुलते म्हणाले, "पोरा, बाईच्या हाताचं यश नवऱ्यासंगं जातंय." पहिल्या वर्षी मी त्यांना उडवून लावलं. तिसऱ्या वर्षी कंटाळलो. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार, अशी स्वतःची समजूत घातली. पेरणीच्या दिवशी वहिनी ओटीत बी घेऊन पाभरीपाशी आल्या आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "वहिनी, यंदा हिला धरू द्या मूठ."

ही म्हणजे माझी बायको. दापोडीत वाढलेली, तिनं चाडं कधी हातात धरलेलं नव्हतं. ती माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिली. वहिनींनी आपल्या ओटीतलं बी तिच्या ओटीत ओतलं आणि मूठ कशी सैल सोडायची तेही दाखवलं. मी तेव्हा गाडीची किल्ली बोटावर फिरवत होतो. ते आठवलं की आजही माझी मला शरम वाटते.

बायकोच्या हातचा गहूही तसाच बारीक निघाला. तेव्हा कुणी हाताचं नाव काढलं नाही. मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीत प्रदूषणावर एक ट्रेनिंग झालं. मी मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलो होतो. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं, ओझोन उंच आकाशात असतो तो आपल्याला राखतो, पण जमिनीलगत तयार होतो तो घातक. तो कुठल्या धुराड्यातून सरळ निघत नाही. गाड्यांचा धूर आणि थिनर-पेट्रोलची वाफ कडक उन्हात एकत्र आली की हवेतच बनतो, वारा नसला की साचतो. पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो, आणि दाणा भरायची ताकद झाड जखमा भरण्यात घालवतं. मग पडद्यावर घेवड्याचं पान आलं. वर तांबूस ठिपके, खालून साफ.

माझा चहा तसाच राहिला. नंतर बाईंना गाठून रानाचं सगळं सांगितलं. मोजल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण खुणा त्याच आहेत.

गाड्यांचा रंग बदलताना आमच्याकडे स्प्रे गन थिनरनं धुतात. त्या थिनरच्या ड्रमवर कायम झाकण हवं असा नियम आहे. काढ-घाल करण्यात वेळ जातो म्हणून माझ्या शिफ्टला झाकण भिंतीला टेकवलेलं असे. माझ्या एका ड्रमनं अख्ख्या तालुक्याचा गहू बारीक होत नाही, एवढं मलाही कळतं. हायवेवर दिवसभर ट्रेलर धूर ओकत उभे असतात. पण खाई त्याला खवखवे. दुसऱ्या दिवसापासून मी झाकणावरून असा ओरडायला लागलो की साहेबांना झालंय काय, असं लोक एकमेकांना विचारू लागले.

वहिनींना मात्र सांगितलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोन करायचो, तब्येत विचारायचो, ठेवायचो. त्यांचा हात निर्दोष होता हे सांगायचं, तर दोष कुठला तेही सांगावं लागणार होतं. भित्रा माणूस मी. दिवाळीनंतर एकदाचा गेलो. वहिनी बियाण्याचा गहू निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ऊन, धूर, थिनर, अगदी ते झाकणसुद्धा.

"म्हंजी माजा हात न्हवता," त्या म्हणाल्या.

"नव्हता, वहिनी."

"मला ठावं होतं. पर दुसरं कुनी म्हनलं न्हाई." बराच वेळ त्या गव्हातले खडे वेचत राहिल्या. "ज्यांच्याफुडं माज्या ओटीतलं बी काढलंत, त्यांच्याफुडं ह्ये सांगाल? समदं?"

"सगळं सांगेन," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पेरणीच्या दिवशी रात्रपाळी संपवून मी तसाच वर्दीत रानात गेलो. भावकी जमली होती. मी वहिनींना पाभरीपाशी बोलावलं आणि मोठ्यानं म्हणालो, "मूठ वहिनीच धरतील. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, हवेचा होता. चुकलो मी."

चुलत्यांनी डोळे बारीक केले. "हवा कशानं नासली रं?"

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"गाड्यांनी," मी म्हणालो. "हायवेवरच्या."

सगळ्यांनी हायवेकडे बघून माना डोलावल्या. हायवे कुणाचाच भाऊबंद नव्हता.

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि चाड्यावर मूठ धरली. बैल निघाले. मी पाभरीच्या बाजूनं चालत राहिलो. ओळ संपली तेव्हा त्या फक्त मला ऐकू जाईल इतकं हळू म्हणाल्या, "भावजी, घरी जाताना वर्दी काढून ठेवा. भिजत घालते. वास येतोय."