कुंभकोणम, तीन चाकं आणि शनिवारचं तेल

तुळजाक्काचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूच्या घरासमोर स्कूटरचं डावं झाकण उघडून बसले होते.

"सुनंदा, माझी वंडी विकणार ग," अक्का म्हणाली. "सोमवारीं माणूस येणार न्यावयास."

वंडी म्हणजे गाडी. अक्का कुंभकोणमची, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकलं की आपली खापरपणजी बोलतेय असं वाटतं, मध्येच तमिळ शब्द पेरलेला. आमची ओळख फोनवरच्या एका ग्रुपवरची. लहानपणीच्या पोलिओने एक पाय गेलेले आणि तीन चाकी स्कूटर चालवणारे असे आम्ही सगळे त्यात आहोत. साध्या गिअरलेस स्कूटरचं मागचं चाक काढायचं, लांब दांडा घालायचा आणि दोन्ही टोकांना चाकं बसवायची, की झाली आमची गाडी. रस्त्यात लोक वळून बघतात. बघू देत.

अक्काच्या गाडीचा बेल्ट सहा महिन्यांत दोनदा तुटला होता. दोन्ही वेळा सुंदरपेरुमाळ कोयिलच्या रस्त्यावर, भाताच्या शेतांमध्ये. त्या गावात ती मुलींना ब्लाउज शिवायला शिकवते. दुसऱ्यांदा तासभर उन्हात बसून राहिली आणि मग तिच्या नवऱ्याने, अण्णांनी, ठरवलं की पुरे झालं. गाडी विकायची. कुठे जायचं तर रिक्षा आहे, मी आहे.

"रिक्षावाला गावांत सोडतो, आणि मग घड्याळ पाहात बसतो," अक्का म्हणाली. तिला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. स्वतःची गाडी गेली की काय जातं, हे मला माहीत आहे. आपल्या जाण्यायेण्याची वेळ दुसरा कुणीतरी ठरवायला लागतो.

मी म्हटलं, "सोमवारपर्यंत कुणाला काही देऊ नका. मी येते."

आता थोडं तांत्रिक, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना हेच हवं असतं. गिअरलेस स्कूटरमध्ये साखळी नसते. डाव्या झाकणाआड रबराचा दातेरी बेल्ट इंजिनाची ताकद चाकाकडे नेतो. साध्या स्कूटरला तो वीस-पंचवीस हजार किलोमीटर जातो म्हणतात. आमच्या गाड्या जड आणि उठायला आळशी, त्यामुळे मी दहा-बारा हजारांपलीकडे त्याच्यावर विश्वास टाकत नाही. मधूनमधून झाकण उघडून बेल्ट उलटा वाकवून बघायचा. दातांच्या मुळाशी चिरा, कडेला सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी, यातलं काहीही दिसलं तर बदलायचा. गाडी सुटताना हिसका देत असेल, किंवा इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही असं होत असेल, तर बेल्ट रजा मागतोय. सहा महिन्यांत दोन मात्र कुठल्याच हिशेबात बसत नव्हते.

गुरुवारी पहाटे निघाले, डिकीत नवा बेल्ट टाकून. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी असा सरळ हायवे. आपल्याला टोल नाही, डावीकडच्या चिंचोळ्या वाटेतून ऐटीत निघून जायचं. कृष्णगिरीला इडली खाल्ली, चटणी तीन वेळा मागून. तोप्पूरच्या घाटात ट्रक अंगावर येतात, तिथे पठ्ठ्यांनो घाई करू नका. मी दर तासाला थांबत होते, गाडीला गार व्हायला आणि मला चहाला. मुक्काम नामक्कलला केला. हजाराच्या आत खोली मिळते, फक्त पायऱ्या किती आहेत ते आधी फोन करून विचारा. मी विचारलं नव्हतं, भोगलं.

दुसऱ्या दिवशी मोठा रस्ता सोडून मुसिरीकडून कावेरीच्या कडेकडेने गेले. केळीच्या बागा आणि मध्येच झाडांमधून दिसणारं पाणी. त्या वाटेसाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन. त्रिची, तंजावर करत संध्याकाळी कुंभकोणमला पोचले, तर अक्का दारात खुर्ची टाकून बसलेली.

"आलीस की!" म्हणाली, आणि माझ्या आधी माझ्या गाडीभोवती नजर फिरवून घेतली. आमच्यात असंच असतं.

अण्णा वीजमंडळातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. जेवायला इडलीबरोबर कडप्पा होता, म्हणजे बटाटा आणि मूगडाळीचं दाटसर, खोबरं घातलेलं कालवण. तीनदा वाढून झाल्यावर मी गाडीचा विषय काढला.

"वंडीस मी स्वतः पाहतों," अण्णा म्हणाले. "ग्यारेजांत कधीं दिली नाहीं. इतकें करूनही तुटतें, तर दैवच म्हणावयाचें. तिला रस्त्यांत बसलेली मी पुन्हा पाहणार नाहीं." शेवटचं वाक्य त्यांनी पानाकडे बघून म्हटलं. या माणसाशी भांडायला आपण आलोय, या विचाराने मला जरा कसंसंच झालं.

शनिवारी सकाळी डिग्री कॉफीचा, म्हणजे तिथल्या दाट दुधाच्या फिल्टर कॉफीचा, वाटी-पेला घेऊन मी ओट्यावर आले. त्या भागात शनिवारी पुरुषांनी तिळाच्या तेलाने नाहायची रीत आहे. अण्णांचं न्हाणं झालं होतं आणि उरलेल्या कोमट तेलाची वाटी घेऊन ते घरभर फिरत होते. झोपाळ्याच्या कड्या, दाराच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, सायकलची साखळी, सगळ्यांना तेल. बघायला इतकं छान वाटत होतं, की ते अक्काच्या गाडीपाशी बसले तेव्हाही मी कॉफीच पीत होते. त्यांनी झाकण काढलं. मऊ फडक्याने आतली धूळ पुसली. मग तेलात बोट बुडवून बेल्टवरून फिरवलं, लहान मुलाच्या टाळूला लावतात तसं. आणि वाटी घेऊन माझ्या गाडीकडे वळले.

"अण्णा, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण गॅलरीत आली.

"पाहुण्यांच्या वंडीसही लावावयाचें की," ते गोंधळून म्हणाले. "हिचा बेल्ट चीं चीं करीत होता. तेल लाविलें कीं गप्प होतो. दर शनिवारीं लावितों."

मी खाली बसले आणि डोकं धरलं. साखळीला तेल लागतं, बेल्टला ते विष. बेल्ट पकडीवर चालतो. तेल लागलं की घसरतो, घसरला की तापतो, तापला की भाजून निघतो आणि एक दिवस भर रस्त्यात फाटतो. चिरचिर बंद झाली होती, कारण बिचाऱ्याची पकडच सुटली होती.

तुटलेले दोन्ही बेल्ट त्यांनी खिळ्याला टांगून ठेवले होते. मी डिकीतला नवा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आता जुना दाबून बघा. जुना फुगलेला, कडेला आरशासारखा गुळगुळीत. बराच वेळ ते दोन्ही हातांनी दोन्ही बेल्ट चाचपत राहिले. पस्तीस वर्षं तारांशी काम केलेल्या माणसाला आणखी सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "दर शनिवारीं मीच."

वाटी खाली ठेवून ते ओट्याच्या टोकाला जाऊन बसले. अक्का दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती फाडून खाणार त्यांना. तिचा हक्कच होता. गाडी विकायला काढली होती, वर उपकार केल्यासारखं. ती काठी टेकत त्यांच्याजवळ गेली आणि वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"तेल वायां घालवूं नका. उद्यां तिरुनीलक्कुडीस नेऊं. तेथला देव पितो तेल, कितीही घाला."

ते खरं आहे. तिथल्या शिवलिंगावर तेलाचा अभिषेक करतात आणि घातलेलं तेल दगडात जिरून जातं, असं सगळे सांगतात.

दुपारी अण्णांनी आणि मी मिळून काम केलं. आतले दोन्ही चक्राकार भाग पेट्रोलने पुसून कोरडे केले, नवा बेल्ट चढवला. पाने त्यांनीच फिरवले, मी फक्त हुकूम सोडले.

रविवारी सकाळी अक्का गाडीवर बसली आणि मागच्या सीटवर हात आपटला. अण्णा घुटमळले. लग्नाला चाळीसएक वर्षं झाली, पण बायकोच्या मागे ते कधी बसलेले नव्हते. "लोक पाहतील," ते पुटपुटले.

"पाहोत," अक्का म्हणाली. "बसा."

बसले. मांडीवर तेलाची बाटली धरून, पाठ ताठ. मी मागून माझ्या गाडीवर. तिरुनागेश्वरमला यात्रेकरूंची गर्दी लागते, ती पार केली की पुढचा रस्ता मोकळा, दोन्हीकडे शेती. गाडी कुठे हिसकली नाही. अर्ध्या वाटेत अण्णांचा एक हात अक्काच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. देवळात तेल घातलं. अण्णा किती तरी वेळ डोळे मिटून उभे होते, मी बाहेर येऊन शेवंतीची वेणी घेतली.

सोमवारी माणूस आला. अण्णांनी त्याला कॉफी पाजली, विचारपूस केली आणि तमिळमध्ये सांगितलं की गाडी द्यायची नाही. का, म्हणून तो विचारू लागला, तर म्हणाले, "गाडी माझी नाही. जिची आहे तिला मी विचारलंच नव्हतं." अक्का आत फोडणी देत होती. फोडणी जरा करपली.

परतीचा रस्ता तोच, फक्त तोप्पूरचा चढ गाडीला आणि मला दोघींनाही जड गेला. घरी येऊन झाकण उघडलं, बेल्ट उलटा वाकवला, एक चीर नाही. या प्रवासातून मी काय आणलं, तर वेणी सुकली, कॉफी पावडर संपत आली. अण्णांवर मात्र माझा जीव जडलाय. प्रेमाने केलेली चूक दाखवली तर माणसं रुसतात, हा माझा अनुभव. हा माणूस पाना घेऊन उठला.

परवा अक्काचा फोन आला, मागे वाऱ्याचा आवाज. मी पहिला प्रश्न विचारला, बेल्ट कसा आहे.

"बेल्ट बरा आहे. मी सुंदरपेरुमाळ कोयिलाहून येतें आहें, एकटीच. अण्णा म्हणाले, जाऊन ये, मी येत नाहीं."

"मग मध्येच का थांबलात? काही झालं का?"

"काहीं नाहीं ग. वर्ग लवकर सुटला, तर नदीकडच्या लांब वाटेनें आलें. उगाच. बसलें आहें पाणी पाहात. घरीं माझी कोणी अजून वाट पाहात नाहीं."