भुलीचं इंजेक्शन

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला हॅनोव्हरमधला तो दातांचा दवाखाना आठवतो. दोन हजार चार-पाच साल असेल. माझा धाकटा भाऊ पुण्याहून आमच्याकडे राहायला आला होता. ब्राऊन शुगरचं व्यसन सोडून त्याला सहा वर्षं झाली होती आणि घरात त्याचंच कौतुक चालायचं. मला जर्मनमध्येच उत्तरं देणारी माझी मुलगी त्याच्याशी मात्र मोडक्यातोडक्या मराठीत तासन्‌तास गप्पा मारायची. ते मला बघवत नव्हतं. त्याची दाढ काढायची ठरली, तेव्हा दुभाषा म्हणून मी सोबत गेलो. खुर्चीत बसल्यावर तो म्हणाला, "दादा, माझं जुनं व्यसन त्यांना सांग हं. मला भुलीचं इंजेक्शन लवकर चढत नाही." "काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी जर्मनमध्ये विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, जरा भित्रा आहे." त्या हसल्या आणि त्यांनी नेहमीएवढंच इंजेक्शन दिलं. "सांगितलंस ना?" भावाने मला विचारलं. "सांगितलं रे." चिमटा लागताच तो कळवळला, त्याची नखं माझ्या तळहातात रुतली. तो भीतीनेच कळवळतोय असं बाईंना वाटलं आणि मी ते तसंच वाटू दिलं. घरी मुलीने विचारलं, "काका, खूप दुखला?" सुजलेल्या गालाने तो म्हणाला, "छे गं, तुझे बाबा हात धरून बसले होते ना!" त्या दिवशी तिने मलाही मिठी मारली. ही गोष्ट ती अजून सगळ्यांना सांगते, म्हणून खरं काय ते आज तिला लिहून पाठवतो आहे. तिला मराठी वाचता येत नाही. ती हे काकाकडूनच वाचून घेईल.