मामांचे मासे

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. बँकेतून निवृत्त होऊन ते धायरीला राहायला गेले, तिथं सोसायटीला टँकरचं पाणी यायचं. मामांनी गॅलरीत काचेची पेटी ठेवून चार मासे पाळले. टँकर खालच्या टाकीत रिकामा झाला की त्यातलं तांब्याभर पाणी पेटीत सोडायचं आणि समोर खुर्ची टाकून बसायचं. पाणी बिघडलं तर माशाला आपल्याआधी कळतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. कळल्यावर मासा नेमकं काय करतो, हे मात्र त्यांना कधीच उमगलं नाही. मासे तळाशी बसले की त्यांना काळजी वाटे, पळू लागले की जास्त वाटे. एकदा सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले, तेव्हा मामांनी घरातलं सगळं पाणी मोरीत ओतलं. मागाहून कळलं, मामींनी मिक्सर लावायला पेटीतल्या हवेच्या पंपाची पिन काढली होती. "अहो, त्यांना श्वास घेता येत नव्हता," मामी म्हणाल्या. "मग माशांनी तसं स्पष्ट वागायला नको?" मामा म्हणाले.

एका उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळचा टँकर रिकामा झाला आणि थोड्या वेळानं मासे वेड्यासारखे गोल फिरू लागले. एक आडवा झाला. मामांनी पिन तपासली, ती जागेवर होती. ते खाली गेले, पाणी वर चढवणारी मोटर बंद केली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. चेअरमन आले, मागून बादल्या घेतलेले लोक आले.

"काका, मासा आडवा पडला म्हणून आम्ही पाणी वापरायचं नाही?"

"वापरा. पिऊ नका."

"तुमची खात्री आहे का?"

"नाही," मामा म्हणाले, आणि उठले नाहीत.

दिवसभर लोक त्यांना वाटेल ते बोलले. संध्याकाळी कळलं, तोच टँकर शेजारच्या इमारतीतही गेला होता. तिथं घरोघरी उलट्या चालू होत्या, दोन मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. रातोरात सोसायटीनं टाकी उपसली. पुढच्या रविवारी मामांना शाल-श्रीफळ दिलं. मामा गोंधळून उभे होते. "मला कशाला?" ते म्हणाले. "मला काहीच कळलं नव्हतं. मेले ते."

चारही मासे त्यांनी तगरीखाली पुरले होते. नवे आणा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं; त्यांनी आणले नाहीत. आता टँकर आला की मामा आधी स्वतः ग्लासभर पाणी पितात आणि गॅलरीत खुर्चीवर बसून राहतात. मामी समोर बसून त्यांच्याकडे बघत असतात.