धडकेचा ठपका

गुजरातेत, उधन्यातल्या एका कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर भगवंत सपकाळे मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, जोडायचा. भुसावळ सोडून आल्यापासून एकवीस वर्षं त्यानं हेच केलं. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात एक वाघीण त्याच्या इशाऱ्याला थांबलीच नाही. तिचा ब्रेक झिजला होता. भगवंतनं दोनदा तक्रारही केली होती. जोडीदार चिंधाचा पाय गुडघ्याखाली गेला. सुपरवायझर छगननं चौकशीच्या कागदावर लिहिलं, ‘इशारा चुकला’, आणि पुढं भगवंतचं नाव.

महिन्याभरानं छगन गुजराती पेपर फडकवत आला.

“ए भगवंत, देख, तेरा भाई ऊपर भी है!”

रशियाच्या अंतराळस्थानकाला जोडताना सामानाचं यान त्यावर आदळलं होतं. स्थानकाला भोक पडून आतली हवा निसटू लागली होती.

“चलानेवाले की गलती. तेरे जैसा अंधा!”

माणसं हसली. भगवंतनं पेपर त्याच्या हातातून हिसकावला आणि घरी नेला.

मुलीनं, जागृतीनं, बातमी वाचून मराठीत सांगितली. स्थानकातला कमांडर टीव्हीच्या पडद्यावर बघत ते यान जवळ आणत होता. अंतर मोजणारं यंत्र त्या चाचणीपुरतं बंद होतं. धडकेनंतर आतल्या तिघांनी दारातून गेलेल्या तारा कापल्या, फुटलेल्या भागाचं दार बंद केलं, म्हणून जीव वाचले.

“यंत्र बंद कुणी ठेवलं?”

“चाचणी खालून, जमिनीवरच्या साहेबांनी ठरवली होती, बाबा.”

“आणि चूक त्याची?” भगवंतनं जेवणाचं ताट ढकललं.

दुसऱ्या दिवशी तीच वाघीण समोर आली. त्यानं वाकून ब्रेक पाहिला आणि बाजूला झाला.

“ब्रेक बदला. तोवर हात लावणार नाही.”

“निकल! दूसरा आदमी आएगा,” छगन ओरडला.

“बोलाव. त्याच्या पायाचाही कागद आत्ताच लिहून ठेव.”

छगननं त्याची कॉलर धरली. भगवंतनं हात झटकला. छगननं दगा नावाच्या नव्या माणसाला पुढं ढकललं, पण ब्रेक बघून तोही मागं सरला. दुपारपर्यंत गाडी अडून राहिली, तेव्हा कुठं फिटर आला.

ब्रेक बदलला. भगवंतला मात्र पोती उचलायला धाडलं. कागदावरचं त्याचं नाव कुणी खोडलं नाही.

हे कळल्यावर चिंधा कुबड्या टेकत फाटकापाशी आला. भगवंतला वाटलं, शाबासकी द्यायला आलाय.

“माझ्या वेळी का नाही अडवलीस रे?” चिंधानं विचारलं.

चिंधा थुंकला आणि निघून गेला.